जावईबापू, किल्ली कुणाकडे आहे?

ती. आत्या,

तुला साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी चारच अंगं सध्या वाकतात, उरलेली चार कागदावर वाकली असं समज.) तुझी प्रकृती कशी आहे? मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांतून पाणी यायचं ते थांबलं का? बारीक अक्षर वाचता येतं का? सलग किती वेळ? आणि उजव्या हाताचा अंगठा थंडीत दुखायचा, तो आता कसा आहे? मी आपलं काळजीपोटी विचारतो आहे, मनात दुसरं काही नाही. आमच्या सासऱ्यांनी तुला नमस्कार सांगितला आहे. म्हणजे तसं ते म्हणाले नाहीत, पण मी पत्र लिहायला बसलो तेव्हा ते खोलीत होते आणि ‘नको सांगूस’ असंही म्हणाले नाहीत.

इकडे सगळं क्षेम आहे. वजनकाट्यांच्या कारखान्यातली नोकरी मी दोन वर्षांपूर्वी सोडली हे तुझ्या कानावर आलंच असेल. मला काढून टाकलं असं आलं असेल तर ते साफ खोटं आहे. मी राजीनामा दिला, आणि तो माझा वाचून व्हायच्या आत साहेबांनी मंजूर केला, इतकंच. तेव्हापासून मी नेमकं काय करतो याबद्दल आपल्या घराण्यात तीन मतं आहेत. धाकट्या काकांच्या मते मी मोबाइल दुरुस्त करतो, वन्संच्या मते (हिच्या वन्सं, म्हणजे आमची ताई) मी घरी बसतो, आणि तिसरं मत तुझं आहे, ते तू बोलून दाखवत नाहीस पण मला ते फोनवरच्या तुझ्या श्वासातून कळतं. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

समज, तू शिलाईचं मशीन विकत घेतलंस. पैसे मोजलेस, घरी आणलंस, आणि बघतेस तर त्याचं झाकण रिबिटा मारून बंद केलेलं. आत काय फिरतं ते बघायचं नाही, तेल घालायचं तर कंपनीच्याच माणसानं, आणि एके दिवशी कंपनीच्या मनात आलं तर मशीन उलटे टाके घालायला लागणार. तू काय करशील? तू त्या कंपनीला पत्र लिहिशील, ते मला माहीत आहे, आणि कंपनी बंद पडेल. पण सगळ्यांना तुझ्यासारखं लिहिता येत नाही. संगणकातले बहुतेक प्रोग्रॅम असेच रिबिटा मारलेले असतात. काही हट्टी माणसांनी उघडे प्रोग्रॅम लिहिले, जे कुणालाही वाचता येतात, बदलता येतात, शेजाऱ्याला देता येतात. याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. इंग्रजीत म्हणे ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ या दोन्हींना एकच शब्द आहे, त्यामुळे तिकडे फार गैरसमज होतात. आपल्याकडे देवदयेनं दोन वेगळे शब्द आहेत, आणि आमचे सासरे त्यातला दुसराच वापरतात. “आमचे जावई फुकट संगणकात आहेत,” असं ते भेटेल त्याला सांगतात, आणि ऐकणारा माझ्याकडे बघून मान हलवतो.

आता गोम अशी की संगणकातले मोठे प्रोग्रॅम मुक्त झाले तरी त्याचे सुटे भाग मुक्त झालेले नाहीत. तारेशिवाय इंटरनेट मिळावं म्हणून संगणकाच्या कडेला करंगळीएवढी एक पट्टी खोचतात, तिला वायफायचं कार्ड म्हणतात. या एवढ्याशा पट्टीच्या पोटातही एक प्रोग्रॅम असतो आणि तो कंपनीनं कुलूपबंद केलेला असतो. आमच्या गावातल्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं एक मंडळ आहे, तेवीस सभासदांचं, आणि त्यांपैकी एकही जण असलं कार्ड घरात येऊ देत नाही. मंडळाच्या अध्यक्षा ग्रंथपाल आहेत. त्यांच्या घरी सहा वर्षांपासून एक निळी केबल बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात गेलेली आहे. तिला अडखळून त्यांच्या यजमानांचं मनगट मोडलं, पण बाईंचं तत्त्व मोडलं नाही. तर अशा लोकांसाठी एक असं कार्ड करायचं, ज्याच्या आतला प्रोग्रॅम उघडा, ज्याचा नकाशा उघडा, ज्यात कुठला भाग कुठे डाग देऊन (म्हणजे सोल्डर करून) बसवला त्याची यादीही उघडी, इतकं उघडं की उद्या तुझ्या मनात आलं तर तूही घरी करून विकावंस आणि मी हूं की चूं करू नये. हे माझं काम.

सासऱ्यांना हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे आपण वस्तू करायची, आणि ती कशी केली ते गल्लीत ओरडून सांगायचं?” मी हो म्हणालो. ते हिच्याकडे वळून म्हणाले, “डॉक्टरला दाखवलंस का?” त्यांचंही बरोबर आहे. चाळीस वर्षं त्यांनी कुलपं केली, विकली आणि दुरुस्त केली. घराच्या तळमजल्यावर त्यांचं दुकान होतं, ते आता बंद केलंय आणि तीच माझी कार्यशाळा आहे. भिंतीवर अजून कोऱ्या किल्ल्यांच्या माळा लटकतात, वाऱ्यानं रात्रंदिवस किणकिणतात. जागा देताना त्यांनी एकच अट घातली होती. त्यांची खुर्ची हलवायची नाही. ती खुर्ची माझ्या टेबलाला बरोबर चिकटून आहे, तेव्हा गेली दोन वर्षं जगातलं सगळ्यात उघडं कार्ड मी एका कुलूपवाल्याच्या डोळ्यांदेखत बनवतो आहे.

माझ्या बाजूनं घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे ही. तुला ठाऊकच आहे, ही दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या करते. तिचा हात इतका स्थिर की दाण्याएवढ्या भागाचे आठ पाय ती भिंगाचा चष्मा लावून एका दमात डाग देऊन बसवते. माझ्या हातून तेच काम झालं की त्यातले दोन पाय एकमेकांना मिठी मारतात आणि धूर निघतो. पण हिची बाजू म्हणजे बिनशर्त बाजू नव्हे. हिनं मुदत घातली होती. या वर्षीच्या मंडळाच्या वार्षिक सभेत कार्ड पसंत पडलं तर पुढे चालू, नापसंत झालं तर सोमवारपासून मी पुन्हा वजनकाट्यांत. साहेबांचं बोलावण्याचं पत्र आलेलंही होतं, ते हिनं घड्याळाखाली दाबून ठेवलं होतं. वेळ बघायला मान वर केली की आधी ते पत्र दिसायचं.

पहिल्या खेपेची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण ती लांबवण्यासारखी नाही. मी नकाशा काढला, पट्ट्या छापणाऱ्या कारखान्याला पाठवला, वीस पट्ट्या छापून आल्या. हिनं पहिली हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाली, “ही वरची कवळी खालच्या जबड्यासाठी केलीय का?” झालं असं होतं की खालची बाजू मी वरून बघून काढली होती, म्हणजे आरशातल्यासारखी उलटी. संगणकात खोचायचं टोक बरोब्बर उलट्या दिशेला आलं होतं. ते कार्ड चालवायचं तर संगणकच आतून बाहेर उलटावा लागला असता. त्या वीसही पट्ट्या सासऱ्यांनी मागून घेतल्या, त्यांना भोकं पाडली आणि किल्ल्यांना अडकवायला वाटून टाकल्या. आज आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या हातात माझी चूक किणकिणत असते. दूधवाल्यानं तर “अजून चार मिळतील का?” म्हणून निरोप पाठवला. सांगायला वाईट वाटतं, पण माझ्या मालाला आलेली ती पहिली मागणी.

दुसऱ्या खेपेची पट्टी मात्र सुलटी आली. हिनं सगळे भाग बसवले, मी प्रोग्रॅम भरला, संगणकात खोचली आणि सकाळी सव्वानऊ वाजता कार्ड चालू झालं! मी आनंदानं ओरडलो, ही दाताचा साचा हातात घेऊन खाली धावत आली, सासऱ्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. अकरा वाजता कार्ड बंद पडलं. मी दिवसभर डोकं खाजवलं. चार वाजता ते आपोआप सुरू झालं, सहाला पुन्हा बंद. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. आत्या, मी शास्त्राचा विद्यार्थी, मी नोंदीची वही ठेवली. सकाळी नऊ ते अकरा उत्तम, अकरा ते चार शून्य, चार ते सहा उत्तम. तीन आठवडे वही भरली. समोरच्या वेल्डिंगवाल्यावर संशय घेतला, उन्हावर घेतला, विजेच्या दाबावर घेतला, वरच्या मजल्यावर गाण्याची शिकवणी चालते तिच्यावरही घेतला आणि जिना चढून त्या बाईंना तुमचा पंचम कोणत्या वेळी लागतो असं विचारून आलो. (त्यांनी दार लावून घेतलं.) शेवटी एका रविवारी हिनं ती वही उघडली, एक पान बघितलं, आणि म्हणाली, “हे बाबांच्या पेपर वाचण्याचं वेळापत्रक तू कशाला लिहून ठेवलंयस?”

मग आम्ही प्रयोग केला. सासरे खुर्चीत बसले, कार्ड चालू. सासरे उठले, कार्ड बंद. बसले, चालू. उठले, बंद. असं अकरा वेळा झालं तेव्हा त्यांचे गुडघे दुखायला लागले, पण चेहऱ्यावर जे तेज चढलं होतं ते मी आमच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. “माणसात काहीतरी असावं लागतं,” एवढंच ते म्हणाले. पुढचे चार दिवस ते खुर्चीतून हलेनात. जेवण तिथेच, डुलकी तिथेच. शेजारीपाजारी बघायला येऊ लागले, आणि आलेल्याला ते तेवढ्यापुरतं उठून हे प्रात्यक्षिक दाखवत. मला मात्र घाम फुटला होता. तेवीस सभासद, म्हणजे तेवीस कार्डं, आणि प्रत्येक कार्डाबरोबर एकेक सासरा कुठून द्यायचा? आणि दिलाच, तर त्याचाही नकाशा उघडा करावा लागणार.

पाचव्या दिवशी ते दाढी करायला न्हाव्याकडे गेले. ते गेले, दार लागलं, आणि कार्ड चालूच राहिलं. मी हिला हाक मारली. ही आली, तिनं टेबलाकडे बघितलं. सासरे निघताना किल्ल्यांचा जुडगा टेबलावर, कार्डाच्या शेजारी विसरून गेले होते. खुर्चीत बसले की तो जुडगा खिशातून काढून तिथे ठेवायची आणि उठताना उचलून खिशात टाकायची त्यांची सवय, म्हणजे हे सगळं तेज त्या जुडग्याचं होतं. ते परत आल्यावर ही बातमी त्यांना कुणी सांगायची यावर आम्ही नवराबायकोंनी चिठ्ठ्या टाकल्या आणि माझी निघाली. ऐकून त्यांनी गुळगुळीत दाढीवरून हात फिरवला आणि वर जाऊन झोपले.

पण कुलूपवाला शेवटी कुलूपवालाच. तासाभरानं खाली आले आणि विचारलं, “जुडग्यातली कुठली?” हा प्रश्न मला सुचला नव्हता. आम्ही बावीस किल्ल्या सुट्या केल्या आणि एकेक करून कार्डाशेजारी ठेवली. सतराव्या किल्लीला कार्ड जागं झालं. कुठल्याशा जुन्या ट्रंकेची बारीक किल्ली, मोजली तर बरोबर एकतीस मिलिमीटर. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या लहरींवर हे कार्ड बोलतं त्यांच्या पाव लांबीचा धातू अँटेनेला लागतो, तो साधारण एवढाच भरतो. माझी अँटेना पट्टीवर छापलेली होती, पण वर प्लास्टिकचं खोकं बसल्यावर तिचा सूर बदलतो हे मी गणितात धरलंच नव्हतं. ती बेसूर गात होती आणि सासऱ्यांची किल्ली शेजारी बसून तिला सूर देत होती.

त्यानंतरचा आठवडा मी आयुष्यात विसरणार नाही. सासऱ्यांनी माळ्यावरून कानशींचं खोकं उतरवलं, पितळेची बारीक पट्टी कापली आणि माझ्या अँटेनेच्या जागी लावली. कानशीचा एक हात मारायचा, फुंकर घालायची, लावायची, मी पडद्यावरचा आकडा वाचायचा. “वाढला.” आणखी एक हात. “वाढला.” आम्ही दोघं आठ वर्षांत एकमेकांशी जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या आठवड्यात बोललो, आणि ते सगळं ‘वाढला’ आणि ‘घटला’ एवढ्यातच होतं. शेवटी त्यांनी पट्टी डोळ्यासमोर धरली, कानस खाली ठेवली आणि म्हणाले, “आता कानशीनं एक घास जरी घेतला तर बिघडेल.” मी आकडा वाचला आणि पुन्हा वाचला. शेजारच्या तिन्ही घरांपलीकडूनही कार्डाला ऐकू येत होतं. त्याच मापाची अँटेना मी नव्या नकाशात काढली. सोळा वर्षं शाळा-कॉलेजात घालवून मी जे माप चुकलो ते त्यांनी फुंकर मारून काढलं, आणि उघड्या नकाशाखाली काम करणाऱ्यांची नावं लिहायची असतात तिथे माझ्या नावाच्या वर त्यांचं नाव आहे. (वर, कारण त्यांनी तसं सांगितलं.)

आता सभा. रविवारी दुपारी, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. तेवीसपैकी एकवीस सभासद हजर, उरलेले दोघे एकमेकांशी बोलत नसल्यामुळे दोघंही गैरहजर. मी नवा सदरा घातला होता, ही माझ्याशेजारी, तिच्या पिशवीत डाग द्यायची हत्यारं आणि दातांचं बारीक ड्रिल, लागलं तर असावं म्हणून. सासरे पहिल्या रांगेत. कार्ड खोचलं, चालू झालं, मंडळी माना डोलावत होती. ग्रंथपाल बाईंनी निळ्या केबलचा उल्लेख करून डोळे टिपले. मला वाटलं, जिंकलो.

मंडळात एक सभासद आहेत, घड्याळजी. त्यांना सगळे शंकेखोर म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. ते डोळ्याला भिंग लावून उठले, कार्ड हातात घेतलं आणि पाच मिनिटं उलटसुलट फिरवून बघितलं. मग सुईच्या टोकानं एका कोपऱ्यातली तांदळाच्या दाण्याएवढी काळी डबी दाखवली. “हे काय आहे?” आत्या, ती डबी मला ठाऊक होती. मुख्य चिप बनवणाऱ्या कंपनीनं बजावलं होतं की ही छोटी स्मृतीची (म्हणजे मेमरीची) डबी शेजारी लावावीच लागेल, नाहीतर चिप चालेल याची आम्ही हमी देत नाही. आत काय आहे ते त्यांनी सांगितलं नव्हतं, मी तीन पत्रं लिहून विचारलं तरी. आणि मी, देवाशपथ सांगतो, यादीत तिला ‘इतर किरकोळ’ या नावाखाली दडवून टाकलं होतं. 

एवढ्यात सासरे उठले. मला वाटलं, आले, वाचवायला आले. ते म्हणाले, “मंडळी, मला संगणकातलं कळत नाही. मी चाळीस वर्षं कुलपं विकली. पण कुलूप विकलं की त्याच्या होत्या नव्हत्या तेवढ्या किल्ल्या गिऱ्हाइकाच्या हातात मोजून दिल्या. एखादी किल्ली स्वतःकडे ठेवून कुलूप विकणारा जो असतो ना, त्याला आमच्या धंद्यात दुकानदार म्हणत नाहीत, चोर म्हणतात.” टाळ्या पडल्या. शंकेखोरांनीसुद्धा भिंग काढून टाळ्या वाजवल्या. माझा जीव भांड्यात पडला. आणि मग सासरे टाळ्या थांबेपर्यंत थांबले, माझ्याकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, “तर जावईबापू, त्या बारक्या डबीची किल्ली कुणाकडे आहे?”

भांड्यात पडलेला जीव भांड्यासकट खाली आला.  माझ्या डोळ्यांसमोर घड्याळाखालचं पत्र, कारखान्याचं फाटक आणि साहेबांचं हसू असं सगळं एकदम आलं. खोटं बोलायचं सुचलं नाही असं नाही, दोन खोटी तयार होती. पण पहिल्या रांगेत तो म्हातारा उभा होता, ज्यानं माझ्यासाठी आठवडाभर पितळ घासलं होतं. मी म्हणालो, “कंपनीकडे आहे. आत काय आहे ते मला माहीत नाही. आणि ते मी यादीत लपवलं होतं.” सासरे खाली बसले. शंकेखोर म्हणाले, “या खोलीत ‘मला माहीत नाही’ म्हणणारा हा पहिलाच.” पण त्यानं निकाल काही बदलत नव्हता. डबी होती तिथेच होती. ग्रंथपाल बाईंनी जड आवाजात मतदानाचे कागद काढले.

तेव्हा ही उठली. ही सभेत कधी बोलत नाही, त्या दिवशीही बोलली नाही. कार्ड उचललं, भिंगाचा चष्मा लावला, दातांचं ड्रिल सुरू केलं आणि कुणी काही म्हणायच्या आत त्या डबीचे आठही पाय कापून टाकले. किडकी दाढ काढावी तशी ती डबी चिमट्यात धरून शंकेखोरांच्या तळहातावर ठेवली. मी डोळे मिटून घेतले. तिनं कार्ड संगणकात खोचलं.

चाललं! जसंच्या तसं, पूर्ण जोरात. फरक एकच पडला. कार्डाच्या टोकाला एक निळा दिवा लुकलुकायचा, तो लुकलुकायचा थांबला. बस्स. इतकी वर्षं ती कंपनी जे गुपित छातीशी धरून बसली होती, ते दिवा मिचकावण्याचं गुपित होतं! आणि इतके दिवस ती डबी काढून बघायची छाती मला झाली नव्हती. सासरे पुन्हा उठले. “एवढ्यासाठी कुलूप?” असं म्हणून त्यांनी अशा काही नजरेनं छताकडे बघितलं की चाळीस वर्षांच्या धंद्याचा अपमान झाला असावा. हसण्याचा एवढा गदारोळ झाला की वाचनालयातले वाचक बघायला आले आणि त्यांपैकी दोघे मंडळाचे सभासद झाले. ठराव एकमतानं मंजूर झाला. शंकेखोर तटस्थ राहिले, पण ते स्वतःच्या वाढदिवसालाही तटस्थ असतात. चाळीस कार्डांची मागणी आली आहे, आणि साहेबांचं पत्र हिनं घड्याळाखालून काढून डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलं आहे.

तर असं सगळं आहे. तुझ्या तब्येतीची चौकशी करावी एवढ्याचसाठी हे पत्र, बाकी ओघात आलं. थंडीत जप, थेंब वेळच्या वेळी घाल, आणि दगदग करू नकोस.

तुझा आज्ञाधारक (निदान पत्रात तरी),
भाचा

ता. क. – सहज विचारतो, दुपारी तू हल्ली काय करतेस? झोपत असलीस तर झोप. झोपत नसलीस तर तसं कळव.

आणखी ता. क. – दगदग करू नकोस असं वर लिहिलं आहे ते फार मनावर घेऊ नकोस. गोष्ट अशी आहे की मंडळानं मंजुरी देताना एक अट घातली. नुसता नकाशा उघडा असून भागत नाही, तो कळला पाहिजे. म्हणून कार्डाबरोबर एक माहितीपुस्तिका हवी, स्वच्छ मराठीत, अशी की ज्यानं कधी संगणकाचं झाकण उघडलं नाही त्यालाही ते कार्ड वापरता यावं, दुरुस्त करता यावं आणि वाटलं तर स्वतः बनवता यावं. मी लिहून बघितलं. पहिलं वाक्य दीड पानाचं झालं आणि त्याला क्रियापद सापडेना. चौतीस वर्षं मुलांना लिहायला शिकवलेली माणसं घराण्यात असताना मी बाहेर कुणाकडे जाऊ? मसुदा सोबत जोडला आहे, तुला वाचताना त्रास होईल, पण तो ऑपरेशनशी संबंधित नसेल. महिनाअखेरपर्यंत झालं तर बरं. नाही म्हणणं थोडं अडचणीचं होईल, कारण खोकी छापून आली आहेत आणि त्यांवर ‘माहितीपुस्तिका’ या शब्दापुढे तुझं नाव आहे.

ती. आत्याबाईंना नमस्कार. पत्र पाकिटात घालायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून दोन ओळी लिहिते. यांनी लिहिलेलं बहुतेक खरं आहे. सभेत सदरा नवा नव्हता आणि माझं ड्रिल सुरू झाल्यावर यांनी नुसते डोळे मिटले नाहीत, हे टेबलाखाली होते. पण एक गोष्ट यांनाही माहीत नाही. तुमचं नाव यांनी सुचवलं नाही, बाबांनी सुचवलं. आमच्या लग्नात बाबांनी हौसेनं छापून घेतलेल्या निमंत्रणपत्रिकेत सात चुका आहेत असं तुम्ही मांडवात सगळ्यांसमोर सांगितलंत, तेव्हापासून तुमचं नाव निघालं की ते उठून जातात, हे तुम्हांला ठाऊक आहे. यांचा मसुदा त्यांनी वाचला, खाली ठेवला आणि म्हणाले, “त्या बाईंशिवाय हे कुणाला जमायचं नाही.” मग छापखान्यात स्वतः गेले, आणि खोक्याचं मुद्रित पाच वेळा तपासून आले. मी कागदावर ‘निवृत्त मुख्याध्यापिका’ असं लिहून दिलं होतं. खोकी आली तेव्हा त्यांवर नुसतंच ‘मुख्याध्यापिका’ होतं. विचारलं तर म्हणाले, “तसल्या बाई निवृत्त होत नसतात. आणि हे मी म्हणालो असं त्यांना कळवू नकोस.”